कुणाला अपरिचित? : नव्या शिल्पातील द्रव्यांविषयी

आधुनिक शिल्पकलेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात एक वाक्य हमखास भेटते. अमुक शिल्पकाराने दगड, ब्राँझ, लाकूड ही परंपरागत द्रव्ये सोडून ‘अपरिचित’ द्रव्ये हाताळली आणि शिल्पाच्या कक्षा रुंदावल्या, असे ते वाक्य असते. या अपरिचित द्रव्यांची यादीही आता ठरून गेली आहे. शेण, माणसाचे केस, चिंध्या, डांबराची पिंपे, गंजलेले पत्रे, हाडे, मातीची मडकी, आणि माणसाची विष्ठासुद्धा. ही यादी वाचताना मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. ही द्रव्ये अपरिचित आहेत, ती कुणाला?

ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याच्या गोठ्यातले शेण उचलले, ज्यांनी गावाचे मेलेले ढोर ओढले, ज्यांच्या झोपडीला पत्रा आणि गोणपाट यांखेरीज भिंत ठाऊक नव्हती, ज्यांनी डोक्यावरून मैला वाहिला, त्यांना या यादीतले एकही द्रव्य अपरिचित नाही. त्यांना अपरिचित होते ते कलादालन. म्हणजे ‘अपरिचित’ हे विशेषण द्रव्याचे नाही. ते पाहणाऱ्याचे आहे. पाहणारा कोणत्या घरात जन्मला, त्याच्या घरातली घाण कुणी उचलली, हे त्या विशेषणातून कळते. आपली कलासमीक्षा हे विशेषण निर्विकारपणे वापरते आणि त्यामुळे ती निम्मे शिल्प पाहतच नाही, असे माझे म्हणणे आहे.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. दलित साहित्य पुढे आले तेव्हा प्रस्थापित समीक्षेने त्याचे जे स्वागत केले त्यातही हाच सूर होता. ‘अनुभवाचे नवे क्षेत्र’, ‘अस्पर्शित जीवनदर्शन’, ‘भाषेचा रांगडा ताजेपणा’ अशी प्रशस्तिपत्रे मिळाली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्यातील कितीतरी शब्दांचे अर्थ मध्यमवर्गीय वाचकाला विचारून घ्यावे लागले. पण ते शब्द ज्यांच्या तोंडी होते त्यांना ते नवे नव्हते. नवे होते ते त्यांचे छापले जाणे. नवेपणाची स्तुती करून समीक्षक मोकळा झाला, आणि त्या अनुभवाला कारणीभूत असलेल्या व्यवस्थेत आपला वाटा किती, हा प्रश्न त्याला टाळता आला. मराठीत ‘साहित्य’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वाङ्मय, दुसरा काम करण्यासाठी लागणारी सामग्री. दोन्ही अर्थांनी साहित्य कुणाचे, हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला आहे. ती शिल्पाकडे पाहतानाही सोडू नये.

पाश्चात्त्य कलेत या प्रकाराची सुरुवात कशी झाली हे थोडक्यात पाहिले पाहिजे. इटलीतील पिएरो मान्झोनी याने १९६१ साली नव्वद लहान डबे बंद करून त्यांवर ‘कलावंताची विष्ठा’ असे लेबल लावले. प्रत्येक डब्यात तीस ग्रॅम माल असल्याचे लेबलावर म्हटले होते आणि किंमत ठरली होती तेवढ्याच वजनाच्या सोन्याच्या भावाने. कलावंताच्या नावावर काहीही विकते, या बाजाराची ती चेष्टा होती. पुढे १९६७ साली जेर्मानो चेलांत या समीक्षकाने इटलीतील तरुण कलावंतांच्या प्रवाहाला ‘गरीब कला’ असे नाव दिले. माती, कोळसा, चिंध्या, दोर अशी साधी द्रव्ये ते वापरत. मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो याचे ‘चिंध्यांची व्हीनस’ हे त्याच वर्षीचे शिल्प प्रसिद्ध आहे. पांढरीशुभ्र व्हीनस पाठमोरी उभी आहे आणि तिच्यापुढे रंगीबेरंगी चिंध्यांचा ढीग आहे.

या कलावंतांचा बाजारपेठेविरुद्धचा राग खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु ‘गरीब’ हे विशेषण त्यांनी द्रव्याला लावले, माणसाला नाही. चिंध्या दिसल्या, चिंध्या नेसणारे दिसले नाहीत. युरोपात ही गोष्ट कदाचित खपून जाईल. भारतात ती खपत नाही. कारण येथे गरीब द्रव्य आणि गरीब माणूस यांच्यामध्ये जात उभी आहे. येथे द्रव्याला नुसती किंमत नसते, त्याला शिवाशीव असते. कोणत्या वस्तूला कुणाचा हात लागावा आणि लागू नये, याचे शास्त्र येथे हजारो वर्षे चालत आले आहे. म्हणून परदेशातून आलेली ‘साध्या द्रव्यांची’ पद्धत येथे उचलली की ती साधी राहत नाही.

शेणाचेच उदाहरण घेऊ. बिहारमधील खगौलचे सुबोध गुप्ता यांनी १९९७ साली मोदीनगर येथील कलावंतांच्या शिबिरात गोवऱ्यांची एक गोल झोपडीवजा रचना उभी केली. ‘माझी आई आणि मी’ अशा अर्थाचे तिचे नाव. त्याआधीपासून बंगळूरच्या शीला गौडा यांनी चित्रफलक बाजूला ठेवून शेण हाताळायला सुरुवात केली होती. १९९२ नंतरच्या जातीय हिंसेच्या वातावरणात चित्राची भाषा त्यांना अपुरी वाटू लागली होती. शेणात घरकाम आहे, बाईचे श्रम आहेत, जळण आहे आणि पावित्र्यही आहे, अशी त्या द्रव्याची अनेक अंगे त्यांनी हेरली. हे काम प्रामाणिक आहे. गौडा यांचे पुढचे ‘बिहोल्ड’ (२००९) हे शिल्पही मला महत्त्वाचे वाटते. मंदिरात उतरवलेल्या केसांचे दोर वळतात आणि दृष्ट लागू नये म्हणून ते गाड्यांना बांधतात. अशा सुमारे चार हजार मीटर दोराने त्यांनी मोटारींचे लोखंडी बंपर भिंतीवर तोलून धरले आहेत. माणसाच्या अंगावरची इतकी क्षुल्लक गोष्ट एवढे लोखंड पेलते, हे पाहून पाहणारा थबकतो.

तरीही शेणाविषयी जे बोलले जाते त्यात एक मोठी पोकळी राहते. शेणाला भारतीय ग्रामजीवनाचे, मातेचे, पावित्र्याचे प्रतीक म्हणून समीक्षक थांबतात. आम्हाला शेणाचा आणखी एक इतिहास ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे बाटले म्हणून एकशे आठ घागरी पंचगव्य त्यात ओतून ते शुद्ध करून घेतले. पंचगव्यात दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. म्हणजे जनावराच्या शेणाने पाणी शुद्ध होते, माणसाच्या ओंजळीने ते बाटते. त्याच शेणाचा दुसरा इतिहास शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) आहे. शेणातले न पचलेले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन, दळून त्यांची भाकरी करणारी बाई तेथे आहे. एकाच द्रव्यात पावित्र्य आहे आणि भूकही आहे. कोणते अंग दिसते, हे पाहणारा कोठे उभा आहे त्यावर अवलंबून आहे.

हा दुसरा इतिहास शिल्पात आणणारी एक तरुण कलावंत पुण्यात जन्मली आहे, राज्यश्री गुडी. तिच्या २०१७ च्या रचनेच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘पाण्याची जात कोणती?’ असा आहे. एकशे आठ पेले आणि त्यांत वाळलेले पंचगव्य. एवढेच. या रचनेत कारागिरीची करामत नाही. पण एकशे आठ हा आकडा ज्याला कळतो त्याला पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. येथे शेण हे प्रतीक नाही, पुरावा आहे. महाडच्या तळ्यात जे ओतले ते कागदावरच्या इतिहासात एक ओळ होऊन पडले होते. ते तिने काचेच्या पेल्यात घालून समोर ठेवले. पेला म्हणजे पाहुण्याला पाणी देण्याची वस्तू. आमच्यासाठी वेगळा ठेवला जाणारा कप आणि पेला कोणाला आठवणार नाही? द्रव्य, भांडे आणि आकडा या तिन्हींचा अर्थ येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतो. शेण वापरले म्हणून नव्हे, तर शेणाने आमच्याशी काय केले हे सांगितले म्हणून हे शिल्प मला मोठे वाटते.

आता याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेतो. माद्रिदचा सांतियागो सिएरा हा शिल्पकार (जन्म १९६६) जगभर गाजलेला आहे. माणसांना पैसे देऊन त्यांच्याकडून अपमानकारक गोष्टी करवून घ्यायच्या आणि भांडवलशाही अशीच चालते हे दाखवायचे, अशी त्याची पद्धत. २००० साली स्पेनमध्ये त्याने व्यसनाधीन चार वेश्यांना एका मात्रेच्या किमतीएवढे पैसे देऊन त्यांच्या पाठीवर एक सलग रेघ गोंदवली होती. २००५-०६ मध्ये तो भारतात आला. दिल्ली आणि जयपूर येथे गोळा केलेली माणसाची विष्ठा तीन वर्षे वाळून मातीसारखी झालेली होती. तीत फेव्हिकॉल मिसळून, लाकडी साच्यांत घालून त्याने एकवीस ठोकळे तयार करवले. प्रत्येक ठोकळा दोन मीटरहून थोडा अधिक उंच, पाऊण मीटर रुंद, वीस सेंटिमीटर जाड, म्हणजे माणूस उभा मावेल एवढा. २००७ साली लंडनच्या लिसन गॅलरीत ते मांडले गेले. शिल्पाच्या लांबलचक शीर्षकात ‘सुलभ इंटरनॅशनल, भारत, येथील लोकांनी केलेले’ असे शब्द आहेत.

सुलभ ही संस्था बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये स्थापन केली. दोन खड्ड्यांचा संडास ही तिच्या कार्यपद्धतीची मुख्य गोष्ट. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. तोवर पहिल्यातील मैला कुजून वाळतो, वास जातो, त्याचे खत होते, आणि माणसाला हाताने मैला उचलावा लागत नाही. सिएराचे शिल्प याच प्रक्रियेवर उभे आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

हे शिल्प मी छायाचित्रांतून पाहिले आहे आणि वर्गात दाखवलेही आहे. मी शिकवतो त्या महाविद्यालयात बहुतेक मुले पहिल्या पिढीची शिकणारी आहेत. ठोकळ्यांना वास येत नाही, ते साध्या मातीच्या फळ्यांसारखे दिसतात, आणि माहिती वाचल्यावरच पाहणारा दचकतो, असे मी समजावून सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील कंत्राटदाराकडे गटारसफाईच्या कामावर आहेत. ती म्हणाली, ‘‘सर, आमचे दादा कामावरून आले की आधी बाहेरच्या नळावर आंघोळ करतात, मग घरात येतात. तरी वास जात नाही. आई त्यांची कापडं वेगळी धुते. या फळ्यांना वास नाही म्हणता. मग वास गेला कुठं?’’ थोड्या वेळाने तिने दुसरा प्रश्न विचारला. ‘‘आणि हे ‘लोक’ म्हणजे कोण? त्यांची नावं का नाहीत?’’

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते हे मला त्याच वेळी कळले. त्यानंतर मी या शिल्पाचा पुन्हा विचार केला.

सिएराच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हटले पाहिजे. लंडनच्या स्वच्छ दालनात त्याने भारतातील जातिव्यवस्थेचा मळ नेऊन ठेवला. ठोकळ्याचे माप माणसाचे ठेवून, मैला वाहणाऱ्या माणसालाच समाजाने मैला मानले, हे त्याने सुचवले. भारतातील किती नामवंत शिल्पकारांनी एवढे तरी केले? हाताने मैला उचलायला लावणे बंद करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला, दुसरा २०१३ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. कायदे झाले, निकाल झाले, तरी गटारात माणसे मरायची थांबली नाहीत. या विषयावर आपल्या कलादालनांनी जे मौन पाळले त्यापेक्षा सिएराचा उद्धटपणा बरा, असे कुणी म्हणाले तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

परंतु त्या मुलीचे दोन प्रश्न शिल्लक राहतात. पहिला वासाचा. सिएराच्या तंत्राने द्रव्यातून नेमके काय काढून टाकले? वास. मैला वाहणाऱ्याच्या आयुष्यातले जे सर्वांत खरे, जे आंघोळीने जात नाही, ज्यामुळे शाळेत त्याच्या मुलाशेजारी कुणी बसत नाही, तेच काढून टाकले. तीन वर्षे वाळवणे आणि वरून फेव्हिकॉल, म्हणजे एक प्रकारचे शुद्धीकरणच. शुद्ध झाल्यावरच ते द्रव्य दालनात शिरू शकले. सुलभच्या खड्ड्यात तोच वास जातो तेव्हा एका माणसाच्या डोक्यावरची पाटी उतरते. दालनात तो जातो तेव्हा कुणाच्या डोक्यावरचे काही उतरत नाही. फक्त पाहणाऱ्याची सोय होते. महाडला तळे शुद्ध केले, येथे मैला शुद्ध केला. दोन्ही ठिकाणी माणूस होता तेथेच राहिला.

दुसरा प्रश्न नावाचा. एका शिल्पाला एक नाव आहे आणि ते सिएराचे आहे. बाकीचे ‘लोक’. शोषण दाखवण्यासाठी मी शोषण करतो, असे सिएरा म्हणेल. त्याचे हे म्हणणे तर्काला धरून आहे. पण शोषण दाखवणारा आणि शोषण करणारा यांना एकाच कामाचे श्रेय मिळते आणि ज्यांच्या हातांनी साचे भरले त्यांना शीर्षकात एक सामुदायिक नाम मिळते, हे शिल्प नवे काय सांगते? गावगाड्यात आम्हाला हेच मिळत होते. जातीचे नाव होते, माणसाचे नव्हते.

मग टाकाऊ, जळक्या, घाणेरड्या द्रव्याचे शिल्प कसे व्हावे? याचे उत्तर मला अमेरिकेतील एका काळ्या शिल्पकाराकडे सापडले. आपल्या चळवळीचे काळ्यांच्या चळवळीशी नाते जुने आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. काळ्यांचे साहित्य आपण वाचले, त्यावर लिहिले. त्यांच्या शिल्पाकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

नोआ प्युरीफॉय याचा जन्म १९१७ साली अलाबामातील स्नो हिल या गावी झाला. तो आधी शिक्षक होता, मग त्याने समाजकार्याचे शिक्षण घेतले, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९५६ साली, लॉस एंजलिसच्या कलाशाळेतून पदवी घेतली. १९६४ मध्ये त्या शहरातील वॉट्स या काळ्या वस्तीत एक कलाकेंद्र सुरू झाले, त्याचा तो पहिला संचालक. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६५ मध्ये, पोलिसांनी एका काळ्या तरुणाला पकडण्यावरून वॉट्समध्ये उठाव झाला. सहा दिवस वस्ती जळत होती. चौतीस माणसे मेली. आग विझल्यावर प्युरीफॉय आणि त्याचा सहकारी जडसन पॉवेल यांनी रस्त्यातून जळके लाकूड, वाकलेले लोखंड, फुटकी काच आणि दुकानांच्या निऑन पाट्या वितळून झालेले गोळे जमवले. सुमारे तीन टन माल झाला. त्यातून त्यांनी आणि आणखी काही कलावंतांनी मिळून सहासष्ट शिल्पे केली. ‘निऑनच्या सहासष्ट खुणा’ या अर्थाच्या नावाने ते प्रदर्शन १९६६ साली प्रथम कोठे भरले? वॉट्समधल्याच एका शाळेत. ज्यांची घरे-दुकाने जळली त्यांच्यासमोर ते आधी आले, विद्यापीठांत नंतर गेले.

येथे द्रव्याचे काय झाले ते पाहा. जळकेपणा धुतला गेला नाही. लाकडाचा कोळसा कोळसाच राहिला. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात दुकानाची पाटीही होती आणि आगही होती. द्रव्याने आपला इतिहास सोडला नाही म्हणूनच त्याचे शिल्प झाले. आणि ते ज्या हातांनी केले ते हात त्याच वस्तीत राबणारे होते.

यातली हानीही सांगितली पाहिजे. ते प्रदर्शन तीनेक वर्षे हिंडले आणि त्यातली बहुतेक शिल्पे पुढे विखुरली, हरवली. ज्या समाजाकडे संग्रहालय नसते त्याच्या कलेचे असे होते. प्युरीफॉय स्वतः अनेक वर्षे शिल्पापासून दूर राहिला, सरकारी कला परिषदेत काम करून तुरुंगांतून कलाशिक्षण नेत राहिला. १९८९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तो कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाऊन राहिला आणि २००४ साली मरेपर्यंत उघड्यावर टाकाऊ वस्तूंची शिल्पे रचत राहिला. त्यातले एक २००० सालचे आहे. शेजारी शेजारी दोन वस्तू. एकीवर ‘गोरे’ अशी पाटी, ते पिण्याच्या पाण्याचे नळकुंड. दुसरीवर ‘काळे’ अशी पाटी, ते संडासचे भांडे. अमेरिकेच्या दक्षिणेत पाण्याचे नळ वेगळे होते, हा इतिहास त्याने स्वतः भोगला होता. हे शिल्प पाहिल्यावर मला प्रथम महाड आठवले. पाणी कुणाचे आणि मैला कुणाचा, या वाटणीवर दोन देशांतल्या दोन समाजव्यवस्था उभ्या होत्या. सिएराला एकवीस ठोकळ्यांत जे सांगता आले नाही ते प्युरीफॉयने भंगारातल्या दोन भांड्यांत सांगितले.

आपल्याकडेही आता असे काम होऊ लागले आहे. मुंबईचे प्रभाकर कांबळे यांची ‘उतरंड’ ही शिल्पमालिका २०२२ च्या बर्लिन द्वैवार्षिकीत होती. एकावर एक रचलेली मडकी आणि खाली माणसाचे पाय. मराठी माणसाला उतरंड म्हणताच घरातली मडक्यांची रास आठवते आणि त्याच क्षणी जातींची उतरंडही आठवते. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायका’त या समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती, ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. कांबळे यांनी मनोऱ्याऐवजी मडकी घेतली. मडके कुंभाराच्या हातचे, आणि पेशवाईत आमच्या गळ्यात थुंकण्यासाठी बांधले गेले तेही मडकेच. सगळी उतरंड ज्या पायांवर उभी आहे ते पाय हलले तर काय होईल, हे सांगायला समीक्षक लागत नाही. परदेशी प्रेक्षकाला हे ‘भारतीय मातीचे सौंदर्य’ वाटले तर तो दोष शिल्पाचा नाही. पण तसे वाटू नये म्हणून बोलणे हे आपल्या समीक्षेचे काम आहे आणि ते आपण करीत नाही.

आपण करीत नाही, हे मी मुद्दाम म्हणतो. आपल्या नियतकालिकांतून कविता, आत्मकथने, वैचारिक लेख येतात. शिल्पाविषयी दोन पानेही येत नाहीत. आणि गंमत अशी की महाराष्ट्रात सर्वांत जास्त शिल्प जर कुणी उभे केले असेल तर ते आपल्या माणसांनी. वस्त्यावस्त्यांतून वर्गणी काढून उभे केलेले बाबासाहेबांचे पुतळे, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या प्लॅस्टरच्या बुद्धमूर्ती, सिमेंटचे, फायबरचे, निळ्या रंगाने रंगवलेले कोट. अभिजन रसिक त्यांना कला मानत नाही. ब्राँझ महाग म्हणून सिमेंट आले, सिमेंट जड म्हणून फायबर आले. वर्गणीच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहिलेली असते. जगातल्या किती शिल्पांना एवढे शिल्पकार लाभले असतील?

द्रव्याला अर्थ नसतो, अर्थ आकाराला असतो, असे जे म्हणतात त्यांनी ११ जुलै १९९७ चा दिवस आठवावा. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला कुणी चपलांचा हार घातला. पुतळ्याचा आकार बदलला नव्हता. एक द्रव्य त्यावर आले होते, चामडे. त्याचा अर्थ वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळला. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. द्रव्याची जात घालणाऱ्याला ठाऊक होती, पाहणाऱ्यालाही ठाऊक होती. ती फक्त आपल्या सौंदर्यशास्त्राला ठाऊक नाही.

तेव्हा नव्या शिल्पापुढे उभे राहताना आपण तीन साधे प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो. हे द्रव्य कुठून आणि कुणाच्या आयुष्यातून आले? ते कुणाच्या हातांनी तयार केले, आणि त्या हातांचे नाव व मोल कुठे आहे? आणि शिल्प होताना त्या द्रव्यातून काय काढून टाकले गेले?

याचा अर्थ शेणाला किंवा मडक्याला फक्त दलितानेच हात लावावा असा नाही. जन्मावरून अधिकार ठरवणे हे तर आपण नाकारलेले तत्त्व आहे. शीला गौडांच्या दोरात श्रम दिसतात, ते मी मान्य केले आहे. आणि उद्या आपलाच एखादा शिल्पकार वस्तीतली वेदना घासूनपुसून दालनात विकू लागला तर हेच तीन प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. जात आपली म्हणून त्याला सूट नाही. कसोटी द्रव्याची नाही, कर्त्याच्या जातीचीही नाही. द्रव्यामागे उभा असलेला माणूस शिल्पात दिसतो की शिल्पाने पुसला जातो, ही कसोटी आहे.

जे शिक्षक आहेत त्यांनी ही शिल्पे वर्गात दाखवावीत. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतला पुतळा कुणी घडवला, साचा कुणी केला, वर्गणी कशी जमली, याची नोंद करून ठेवावी. वॉट्सची शिल्पे हरवली, निदान आपली नोंद तरी हरवू नये. त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून पुरे उत्तर नाही. पण ‘वास गेला कुठे’ हा प्रश्न विचारल्याशिवाय मी आता कोणत्याही अपरिचित द्रव्याच्या शिल्पाचे कौतुक करणार नाही.